ज्यू लेकरू गोरंच का? युद्धनाट्यातले चेहरे आणि आपलं बळद

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, पहिल्या दोन रांगा मोकळ्या आहेत. पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवायची आणि पाहुणे यायचेच नाहीत, ही धाराशिवची जुनी रीत आहे, ती आज मोडू या.

विषय कार्यक्रमपत्रिकेत फार जड छापलाय. सोप्या भाषेत सांगतो. महायुद्धात ज्यू लेकरांना लपवलं, वाचवलं, अशा गोष्टींवर जगभर नाटकं झाली, सिनेमे झाले. त्यांत कोण दिसतं, कसं दिसतं आणि कोण दिसतच नाही, एवढंच मला बोलायचंय. आणि हे धाराशिवात का बोलायचं, तेही सांगेन, पण त्याला थोडा वेळ लागेल.

मागच्या हिवाळ्यात एका एकांकिका स्पर्धेला मी परीक्षक होतो. गाव सांगत नाही, कॉलेज सांगत नाही. पोरांनी विषय मोठा घेतला होता. १९४३ साल, पोलंडमधलं एक खेडं, एका शेतकरीण बाईनं तळघरात तीन ज्यू मुलं लपवलीत आणि दारावर जर्मन शिपायांची थाप पडतीय. तालीम कसून झालेली होती. थाप पडली तेव्हा शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनी माझा हात धरला, इतकं ते जमलं होतं. पण तिन्ही लेकरांच्या तोंडाला पांढरा रंग फासलेला आणि डोक्यावर सोनेरी केसांचे टोप! आता बघा, हिटलरला माणसाचं जे चित्र हवं होतं, सोनेरी केस, गोरा रंग, तेच आपण त्यानं मारायला काढलेल्या लेकरांच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. भाबडेपणानंच ठेवलं, मान्य आहे.

प्रयोग संपल्यावर मी विंगेत गेलो. तिथं एक मुलगी केबल गुंडाळत बसली होती. बोलताना कळलं की सुरुवातीच्या तालमींत तिघांपैकी मधली बहीण हीच करत होती, आणि सगळ्यांचं पाठांतर हिच्याच तोंडी होतं. मग काम का काढलं? दिग्दर्शक पोरगा तिच्यासमोरच म्हणाला, “सर, ती ज्यू वाटत नव्हती.” मी विचारलं, तू ज्यू माणूस बघितलायस का रे? म्हणाला, “पिक्चरमध्ये.” ती मुलगी काही बोलली नाही. केबल गुंडाळत राहिली. काळी-सावळी, आपल्या इकडच्या उन्हातली पोरगी.

मी त्या पोराला दोष देऊन मोकळा होणार नाही. कारण माझ्या हातातल्या गुणपत्रिकेवर मी रंगभूषेला दहापैकी सात गुण आधीच देऊन बसलो होतो.

त्या पोराला तेव्हा सांगायला हवं होतं ते आज सांगतो. ज्यू माणूस बघायला पिक्चरमध्ये जायची महाराष्ट्राला गरज नव्हती. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात बेने इस्रायली समाज शेकडो वर्षं राहत होता. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. आडनावं चेऊलकर, दिवेकर, पेणकर, केहिमकर. घरात मराठी, अंगावर लुगडं, एलियाहू हन्नाबीच्या नावानं पोह्याचा मलिदा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला त्यांच्यात मराठीतून कीर्तनं व्हायची, आख्यान बायबलमधल्या पुरुषांचं आणि चाली आपल्या. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, सॅम्युएल दिवेकरांनी उभारलेलं. ही माणसं दिसायला कशी? तर तुमच्या-माझ्यासारखी. केबल गुंडाळणाऱ्या मुलीसारखी.

आणि पुढची गोष्ट तर त्या दिग्दर्शकाच्या वाक्याची थोरली आवृत्ती आहे. इस्रायल झाल्यावर यातले बहुतेक लोक तिकडे गेले. १९६० नंतरच्या वर्षांत तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांवर शंका काढली: तुम्ही खरे ज्यू कशावरून? कोकणातून गेलेल्या माणसांना जेरुसलेममध्ये आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये प्रकरण मिटलं. ‘ती ज्यू वाटत नाही’ हे वाक्य, म्हणजे, खुद्द ज्यूंनी ज्यूंना ऐकवून झालेलं आहे. तेव्हा आपल्या पोरानं ते म्हटलं याचं आश्चर्य नको. पण चेहऱ्याचा साचा पक्का केला की माणूस बाहेर कसा राहतो, त्याचा हा पुरावा आहे.

याच समाजातले एक नट तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. डेव्हिड. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९५४ चा ‘बूट पॉलिश’ आठवा. आईबाप नसलेल्या दोन भावंडांना माया लावणारा, भीक मागू नका, कष्ट करा म्हणणारा जॉन चाचा. म्हणजे एक मराठी ज्यू नट, ख्रिस्ती माणसाची भूमिका करतोय आणि मुंबईतल्या झोपडपट्टीतल्या पोरक्या लेकरांना सांभाळतोय. तो ख्रिस्ती वाटतो का, असं कुणी विचारलं नाही. तो चाचा वाटतो का, एवढंच पाहिलं गेलं.

त्याच्याही मागे जाऊ. आगा हश्र काश्मिरींचं ‘यहुदी की लडकी’ हे पारशी रंगभूमीचं गाजलेलं नाटक. बिमल रॉय यांनी १९५८ मध्ये त्यावरून ‘यहुदी’ केला. त्यात रोमन सत्ताधारी ज्यू माणसाचं लेकरू मारतो, आणि त्याच रोमनाची मुलगी त्या ज्यू माणसाच्या घरी त्याची लेक म्हणून वाढते. वाचवणारा ज्यू, आणि लेकरू शत्रूचं! संवाद टाळीबाज आहेत, रोम कुठल्याही नकाशावर सापडणार नाही असं आहे, ते सगळं खरं. पण युरोपातल्या या प्रकारच्या नाटकांत ज्यू पात्राला बहुतेक वेळा फक्त थरथर कापायचं काम असतं. दार उघडणारा दुसरा, धाडस दुसऱ्याचं, पश्चात्तापही दुसऱ्याचा. आपल्या मेलोड्रामानं निदान ज्यू माणसाला घर दिलं, राग दिला आणि निर्णय घ्यायची ताकद दिली. हे मी आपला तो बाब्या म्हणून सांगत नाही. ‘यहुदी’ मला सिनेमा म्हणून मध्यमच वाटतो.

आता ज्या सिनेमापुढे मी मान झुकवतो त्याबद्दल. लुई मालचा ‘ओ रव्वार लेझांफां’, १९८७ चा. मुलांनो, पुन्हा भेटू, असा साधारण अर्थ. माल ज्या शाळेत शिकला तिथलीच ही गोष्ट आहे. फ्रान्समधली पाद्र्यांची निवासी शाळा. मुख्याध्यापक पेर जाक यांनी ज्यू मुलांना नावं बदलून वर्गात बसवलं होतं. जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोनं तीन मुलं आणि पेर जाक यांना उचलून नेलं. मुलं परतली नाहीत. पेर जाक छावणीतून जिवंत सुटले, पण काही आठवड्यांतच गेले.

सिनेमात ज्यू मुलाचं खरं आडनाव किपेलश्टाइन, शाळेतलं नाव बोने. लपण्याची सुरुवात नाव बदलण्यापासून होते. (नाव बदलण्यावर या शहरात मी जास्त बोलत नाही. हशा.) पण या बोनेचं मोठेपण बघा. तो बिचारा नाही. गणितात हुशार आहे, पियानो वाजवतो, आणि त्याच्या हुशारीमुळे नायकाला, ज्युलिएनला, आधी त्याचा राग येतो. नंतर मैत्री होते. लपवलेलं लेकरू आधी मत्सर करण्याजोगं आणि मग मैत्री करण्याजोगं दाखवणं, प्रतिनिधित्व म्हणतात ते हेच. त्याला दयेचा विषय करून माल मोकळा होत नाही.

हॉटेलचा एक प्रसंग आहे. एक म्हातारे ज्यू गृहस्थ शांतपणे जेवतायत. त्यांना बाहेर काढायला येतात ते फ्रेंच लोक, स्वतःच्याच देशाचे. आणि त्या फ्रेंचांना हाकलतो शेजारच्या टेबलावरचा जर्मन अधिकारी, त्याच्या जेवणात व्यत्यय आला म्हणून! आपल्या एकांकिकेत सगळे जर्मन ओरडत येतात आणि सगळे पोलिश शेतकरी देवमाणूस असतात. अशी वाटणी केली की प्रेक्षकाला विचार करायला काही उरत नाही.

एवढं असूनही मालकडे मला एक भांडण आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात जोसेफ नावाचा पोरगा कामाला आहे. गरीब, पायानं अधू. श्रीमंत घरची मुलं त्याच्याशी चोरून देवाणघेवाण करतात, घरून आलेला मुरंबा देतात आणि बदल्यात सिगारेटी, तिकिटं घेतात. उघडकीला आल्यावर मुलांना बोलणी बसतात आणि जोसेफची नोकरी जाते. तोच पुढे गेस्टापोला खबर देतो. माल हे अन्याय म्हणूनच दाखवतो, पेर जाकच्या तोंडीही ती टोचणी घालतो, हे मी नाकारत नाही. पण शेवटी पडद्यावर राहतं काय? फितूर कोण, तर भांडी घासणारा लंगडा पोरगा. वाचवणारा शिकलेला, लपणारा शिकलेला, आठवण सांगणारा शिकलेला, आणि घात करणारा तेवढा खालचा. अशा गोष्टी मी अनेक पाहिल्या, आणि गरिबाच्या वाट्याला फितुरी फार सहज येते. फ्रान्समधले ज्यू ज्यांच्या सह्यांनी गाड्यांत भरले गेले ते अधिकारी लंगडे नव्हते आणि भांडीही घासत नव्हते.

उलट बाजूही आहे. ल शांबों-सूर-लिन्यों हे फ्रान्समधलं डोंगरातलं गाव. तिथं नुसता एक नायक नव्हता, पाद्री आंद्रे त्रोक्मे होतेच, पण गावच्या गावानं माणसं लपवली. हे लोक प्रॉटेस्टंट, कॅथलिक फ्रान्समधले अल्पसंख्य. त्यांच्या पूर्वजांना धर्मावरून हाल सोसावे लागले होते, ती आठवण घराघरात जिवंत होती. पॅरिसच्या मशिदीवर २०११ मध्ये ‘ले झोम लिब्र’ नावाचा सिनेमा आला. अल्जीरियाहून आलेला कामगार आणि ज्यू गायक, अशी जोडी. मशिदीनं नेमक्या किती जणांना वाचवलं यावर इतिहासकारांत वाद आहे, तो आपण सोडवू शकत नाही. पण तो सिनेमा बघताना लक्षात येतं की त्या काळातल्या पॅरिसच्या रस्त्यावर अरब माणूसही होता, आणि आधीच्या चाळीस-पन्नास सिनेमांच्या कॅमेऱ्यांना तो दिसलाच नव्हता.

आता मी ज्या नाटकासाठी खरं तर हा विषय घेतला, तिकडे येतो. टागोरांचं ‘डाकघर’. शाळेत कुणी केलंय? दोन हात. बरं.

अमल नावाचा पोरका मुलगा, माधवनं दत्तक घेतलेला, आजारी. वैद्य म्हणतो बाहेर सोडू नका. मग तो खिडकीत बसून राहतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलतो. दहीवाला, पहारेकरी, फुलं वेचणारी सुधा, फकिराच्या वेशात येणारे आजोबा. समोर राजाचं डाकघर झालंय, राजा आपल्याला पत्र पाठवील या आशेवर तो दिवस काढतो. गावचा मुखिया त्याची टिंगल करायला कोरा कागद राजाचं पत्र म्हणून देतो.

१८ जुलै १९४२ ला हे नाटक वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत, नाझींनी घातलेल्या भिंतीच्या आत, यानुश कोरचाक यांच्या अनाथालयातल्या मुलांनी केलं. पोलिश भाषेत. कोरचाक हे टोपणनाव, माणूस डॉक्टर आणि लेखक, मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. नाटकानंतर तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्टच्या सुरुवातीला, ती सगळी मुलं, जवळजवळ २००, कोरचाक आणि त्यांचे सहकारी ट्रेब्लिंकाला नेले गेले. कोणी परत आलं नाही.

हे सांगितलं की लोकांचे डोळे भरतात, आणि मग सगळे म्हणतात, मरणाला शांतपणे सामोरं जायला शिकवलं हो कोरचाकनी. असेलही. पण मला दुसरंच दिसतं. अमल मरण शिकत नाही. तो दही विकायची हाळी शिकतो! दहीवाल्याला तो म्हणतो मला तुझ्यासारखी हाळी द्यायला शिकव, आणि दहीवाला चकित होतो, की माझ्या कामातही सुख आहे हे आज कळलं. उपाशी वस्तीतलं एक ज्यू लेकरू बंगालच्या गवळ्याची हाळी देत होतं. त्याला कुणी विचारलं नाही की तू बंगाली वाटतोस का. कुणी त्याच्या तोंडाला काळा रंग फासला असेल असं मला वाटत नाही. रंग आणायचा कुठून? शब्द पुरे झाले.

एवढं सांगितल्यावर माझ्या एकांकिकेचा मुद्दा वेगळा सांगायची गरज नाही. वॉर्सॉच्या लेकराला अमल होता येतं, तर कळंब-परंड्याच्या पोरीला पोलंडची ज्यू बहीण होता येत नाही हे कोणत्या नियमात बसतं?

(इथे मध्येच एक प्रश्न आला: मग कुणीही काहीही करावं का, खऱ्या समाजाच्या नटाची गरजच नाही?) नाही, असं नाही म्हणत मी. चांगलं विचारलंत. ज्याला काम नाकारलं जातं त्याला आधी काम मिळालं पाहिजे. पांढरा रंग लावून गोऱ्याची जागा घेणं आणि ज्याला रंगमंचावर कधी उभंच केलं नाही त्याला बाजूला सारून त्याची भूमिका आपण करणं, या दोन सारख्या गोष्टी नाहीत. त्या स्पर्धेत पारध्याच्या पोराची एक एकांकिका होती, आणि त्यात पारधी समाजातला एकही नट नव्हता. तिथे मी हा प्रश्न जास्त कडक विचारला असता. विचारला नाही, हेही खरं.

कोल्हापूरचा उल्लेख करून टाकतो, कारण त्या एकांकिकेत निवेदकानं सुरुवातीलाच सांगितलं होतं की महाराष्ट्रानं कोल्हापूरजवळ हजारो ज्यू मुलांना आसरा दिला. वळिवड्याची छावणी खरी आहे. १९४३ ते १९४८, जवळपास पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बाया आणि लेकरं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पण ती बहुतांशी कॅथलिक पोलिश माणसं होती. त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं ते सोव्हिएत रशियानं. त्यांचं दुःख लहान नाही, म्हणून त्याला दुसऱ्याचं नाव चिकटवायची गरज नाही. आपल्याला युद्धातला निर्वासित म्हटलं की ज्यूच आठवतो, कारण तेवढाच चेहरा पिक्चरनं शिकवलाय. ते पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर. एकाच बराकीत दोन फाळण्यांची माणसं, आणि त्यावर नाटक नाही! लिहा कुणीतरी.

आता धाराशिव.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आत आली ती आपल्या नळदुर्गावरून. १७ तारखेला निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी काय केलं हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. गावं जळाली, लोक बार्शी-सोलापूरच्या हद्दीत पळाले. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी वकिली करायचा लातुरात, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. हे सगळं आपण दर १७ सप्टेंबरला शाळेच्या गॅदरिंगसारखं रंगमंचावर आणतो. आणलंच पाहिजे.

पण १७ नंतर पुढच्या काही आठवड्यांत काय झालं? भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणी करायला पाठवलं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. त्यात सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. मारले गेलेले बहुतांश मुसलमान. त्याच अहवालात हिंदूंनी मुसलमानांना वाचवल्याचीही नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर भावांच्या बाजूनं उभे राहिले, आणि त्यात त्यांचेही जीव गेले. माग एक, धंदा एक, म्हणून. पोलंडचं तळघर आम्हाला पाठ आहे, आणि या विणकरांची एकही एकांकिका मी परीक्षक म्हणून पाहिलेली नाही.

माझ्या घरची गोष्ट सांगतो, नाव-गाव न सांगता. आजी सांगायची, त्या भाद्रपदात आमच्या बळदात दोन लेकरं होती. तरुण मंडळींसाठी: बळद म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार, वरच्या तोंडातून आत उतरायचं. भाद्रपदात ते रिकामंच असतं, जुनी ज्वारी तळाला गेलेली, नवी रास अजून रानात. लेकरं कुणाची, असं विचारलं की आजी म्हणायची, “लेकराला जात पुसतेत का?” आणि भाकरी थापायला लागायची. मला फार वर्षं वाटायचं, केवढं मोठं उत्तर आहे हे. आता वाटतं, ते उत्तरही होतं आणि भीतीही होती. ती लेकरं मुसलमानाची होती. हे ती मरेपर्यंत मोठ्यानं बोलली नाही.

घरात ही गोष्ट पणजोबांच्या नावावर जमा आहे. त्यांनी वाचवलं. वाडा त्यांचा, मान्य. पण दोनेक वर्षांपूर्वी आत्याला मी नीट खोदून विचारलं. बळदात रात्री उतरून लेकरांना भाकर कोण द्यायचं, त्यांची घाण कोण काढायचं, शेवटी पहाटे त्यांना सोलापूरच्या रस्त्याला कोण घेऊन गेलं? म्हणाली, “आपला सालगडी की.” नाव? तिला आठवेना. जात तेवढी बरोबर आठवत होती. गावात कुणी विचारलं असतं तर सगळ्यात आधी मारही त्यालाच पडला असता, आणि फितुरी झाली असती तर नावही त्याचंच आलं असतं. मालच्या जोसेफशी माझं भांडण का, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

त्याच्या घरच्यांचा शोध चालू आहे. गाव सोडून गेलेत ते, पुण्याकडे असावेत असं कळतं. आणि ती दोन लेकरं सोलापूरला पोचली का, हे कुणालाच माहीत नाही. एकांकिकेचा शेवट म्हणून हे चालणार नाही असं माझा एक नाटकवाला मित्र म्हणतो, प्रेक्षकाला काहीतरी द्यावं लागतं म्हणे. मला तसं वाटत नाही.

त्या केबलवाल्या मुलीला मी नंतर फोन केला होता, तिच्या सरांकडून नंबर घेऊन. तिला ‘डाकघर’ पाठवलंय. तिनं वाचून निरोप दिला की सुधा नको, दहीवाला करीन. बाईनं दहीवाला केला तर चालेल का, असं विचारत होती. मी म्हटलं, हाळी देऊन दाखव.

तिनं फोनवरच दिली.

मी थांबतो. पाऊण तास ठरला होता, घड्याळ पुढे गेलंय. प्रश्न घेऊ या. मागे त्या खांबाजवळ कुणाचा तरी हात वर आहे, त्यांना माईक द्या.